घंगाळातले शिंपले

नल्लकुंटा, हैदराबाद
१५ ऑक्टोबर २०२४

एकनाथा,

आशीर्वाद आहेतच, मी रागावले म्हणून ते काही बंद होत नाहीत. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा टपाल. पाकीट परत पाठवायचं म्हटलं तर तुला पोस्टापर्यंत चालावं लागेल, आणि तुझा आळस मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणजे वाचशीलच.

तुझी लेक रेणू यंदा दसऱ्याला आमच्याकडे होती. एकटी नव्हती. रात्रीच्या गाडीनं नामपल्लीला उतरली आणि ऑटोतून दारात आली ती दोन प्लास्टिकचे टब, समुद्राच्या पाण्याचे कॅन आणि एक थर्माकोलचा खोका घेऊन. खोक्यात जिवंत शिंपले. चातुर्मासात ज्या घरात कांदा शिजत नाही, त्या माझ्या घरात! मी दारातच म्हटलं, नक्को बाई, हॉटेलात ठेव त्यांना. पण इथल्या विद्यापीठाच्या लॅबला सणाचं कुलूप, आणि हे जीव तोवर जगवायचे कुठे? तोंड एवढंसं करून म्हणाली, मागच्या व्हरांड्यात ठेवते आत्या, स्वयंपाकघराची पायरी नाही ओलांडणार ते. तिचं ते तोंड तिच्या आईवर, सुनीतावर गेलंय, त्यापुढे माझं कधीच चाललं नाही. दाजी तर तुझे पहिल्यापासून तिच्या पार्टीत.

मग तिनं मला समजावलं. भट्टीतून निघालेल्या स्लॅगची, म्हणजे धातूच्या मळीची पूड या शिंपल्यांच्या पोटात असते. ती तशीच मोजली तर आकडा खोटा फुगतो. म्हणून तपासणीआधी त्यांना चोख समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवायचं, पोट रिकामं होऊ द्यायचं, आणि मग अंगात काय मुरलंय तेवढंच मोजायचं. मी म्हटलं, म्हणजे नवरात्राचे उपास धरलेले आम्ही दोघं होतो, आता हे तिसरे.

ती तेवढ्यात एका रात्रीसाठी मैत्रिणीकडे उप्पलला गेली. हात लावू नका, एवढं बजावून गेली. आणि नेमका एक टब तडकला. व्हरांड्यात पाणीच पाणी. दाजींनी धोतर खोचलं आणि त्यातले सगळे शिंपले त्यांच्या पाण्यासकट आपल्या आईच्या तांब्याच्या घंगाळात घातले. दसऱ्याचं म्हणून मी ते आदल्याच दिवशी चिंचेनं घासून लखलखीत केलं होतं. तांब्याच्या पाण्यानं माणसं शंभरी गाठतात, हे तर बिचारे शिंपले, इति तुझे दाजी. तुला ठाऊकच आहे, सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यायल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही. रात्रभर मुक्काम झाला शिंपल्यांचा तिथं. सकाळी आंघोळीला घंगाळ हवं, म्हणून चिक्कडपल्लीहून नवी प्लास्टिकची बादली आणली आणि त्यांना हलवलं. रेणूला काही बोललो नाही. हात लावला म्हणून पोट्टी उगाच चिडली असती.

तिचं काम बघायला तू इथे हवा होतास. शिंपले उघडायला लोखंडी सुरीसुद्धा चालत नाही तिला, लोखंडाचा अंश लागतो म्हणे. प्लास्टिकच्या पात्यानं, मान मोडून, एकेक जीव सोडवत बसली होती. बोटं कापलेली. मध्येच मला हाक मारून दाखवते काय, तर आतला रंग. आत्या, बघ ना किती सुंदर आहे. मी लांबूनच हौ हौ म्हटलं. पण सुंदर होता रे खरंच, मोत्यासारखा.

घंगाळात गेले ते तुझ्या बांधावरचे शिंपले आहेत, एकनाथा. बांधाच्या अगदी टोकाचे. आठवतं तुला? सुनीता होती, रेणू तुझं बोट धरून चालायची, आणि तू मला मुद्दाम तिकडे नेलं होतंस. भट्टीतला काळा, काचेसारखा चकाकणारा स्लॅग समुद्रात टाकून तू बांध घातलेला. छाती काढून म्हणालास, अक्का, या दगडांवर बघ कसा जीव बसलाय, विष असतं तर बसला असता का? मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. एवढ्या भट्ट्या सांभाळल्यास, तुझ्या पाळीत एक माणूस कधी भाजला नाही. तुझी लेक तुझ्याच त्या वाक्यापासून निघाली. तिला एवढंच बघायचं होतं, की बसलेल्या जिवाच्या आत काय आहे. त्यावरून तू तिला म्हणालास, आजपासून मी तुझा कोणी नाही. दोन वर्षं झाली त्याला.

जानेवारीत कारखान्याच्या या प्रदूषणावर समितीपुढे सुनावणी आहे, तिचा अहवाल तिथं जाणार. आणि तो खोडून काढायला कंपनीनं तुलाच बोलावलंय, असं कळलं. बापलेक समोरासमोर. हे बघायला आपली आई नाही, ते बरं.

तब्येत सांभाळ.
अक्का

*

नल्लकुंटा
२ डिसेंबर २०२४

एकनाथा,

हे पत्र मी माझ्या मर्जीनं लिहीत नाहीये. रेणूनं लिहायला लावलंय. मला विचारशील तर मी हे पत्र हुसेनसागरात टाकलं असतं.

लॅबचे आकडे आले. जस्त, शिसं, कॅडमियम, तिन्ही बांधावरच्या शिंपल्यांत पलीकडच्या खाडीतल्यांपेक्षा किती तरी पट. शिंपला मरत नाही एकनाथा, साठवतो. तू म्हणायचास ते खरंच होतं, जीव बसतो त्या दगडावर. पण बसून सगळं पोटात घालतो, आणि ते गंगम्मासारख्या बाया वेचून घरी नेतात, पोरांना आमटीत घालून देतात. गंगम्मा आठवते ना? रेणू लहान असताना तुमच्या कॉलनीत मासळी विकायला यायची ती.

त्यातही बांधाच्या टोकाच्या शिंपल्यांत तांब्यानं अशी उडी मारली होती, की एका तेलुगु पेपरनं तो आकडा पहिल्या पानावर छापला. गंगम्माच्या वस्तीत बाया खूश, आता तरी कोणी दाद देईल म्हणून. सगळे रेणूला शाबासकी देत होते. आणि ही पोरगी मात्र जेवेना. म्हणे, बाकीचे धातू होते तिथंच आहेत, मग एकटं तांबंच कसं चढलं? आठवडाभर ती आपलीच चूक शोधत होती. ॲसिड तपासलं, बाटल्या तपासल्या, हातमोजे तपासले. शेवटी गेल्या आठवड्यात इथं जेवायला बसली होती. भातात पप्पूचं वरण कालवलं, घास उचलला, आणि तसाच हातात धरून बघत राहिली. समोर न्हाणीघराचं दार उघडं होतं, आत घंगाळ.

आत्या, माझे शिंपले कुठं कुठं ठेवले होते, एवढंच तिनं विचारलं. दाजींनी सगळं सांगितलं. तुला काय सांगू, त्या माणसाचा चेहरा! चाळीस वर्षं कोर्टात उभे राहिले, आणि त्या दिवशी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात. ही उठली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, काका, तुम्ही त्यांना वाचवायलाच गेला होतात. एक शब्द वर नाही बोलली. मी असते तर घंगाळ डोक्यात घातलं असतं त्यांच्या.

मग दाजींमधला वकील जागा झाला. म्हणाले, विचारल्याशिवाय सांगू नये, हा साक्षीचा पहिला नियम. बाकीचे आकडे खरेच आहेत, एका तांब्यानं काय बिघडतं? मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा रेणू जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"काका, शिंपला खोटं बोलत नाही. जे पाण्यात असेल ते दाखवतो. त्यानं बाबांचा बांध दाखवला आणि आपलं घंगाळही दाखवलं. त्याचं एक सांगायचं आणि एक लपवायचं, हे मला नाही जमणार."

एवढीशी होती रे ती, बाराखडी शिकवताना माझ्या मांडीवर झोपायची. ही अक्कल तिला कोणी दिली असेल, असा विचार करता करता मला तुझीच आठवण झाली. भट्टीचं तापमान चुकीचं नोंदवलं म्हणून स्वतःच्या साहेबाशी भांडणारा तूच ना? म्हणजे घराणं तेच, डोकंही तेच फिरलेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पेपरला कळवलं, समितीला कळवलं. मग वस्तीत जाऊन गंगम्माला सांगितलं. गंगम्मानं आधी तिला तेलुगुत लाखोली वाहिली, आणि मग जेवायला वाढलं. टोकाच्या शिंपल्यांचे सगळेच आकडे रेणूनं बाद केले. म्हणे, घंगाळात रात्र काढलेल्या शिंपल्याचं एक खरं आणि एक खोटं, असं निवडून मी घेणार नाही. आता पंचाईत अशी, की अहवालाचा सगळा भार त्या टोकावर होता. सर्वांत जास्त वेचणी तिथं होते. नवे शिंपले आणावे, तर तिथं आता कंपनीनं फाटक बसवलंय आणि पहारा. तिला आत सोडत नाहीत. टोकाशिवाय अहवाल गेला, तर समिती म्हणेल, पोरीला शिंपले नीट ठेवता येत नाहीत, तिचं काय ऐकायचं.

आणि एवढं सगळं तुला का कळवायचं? तर ती म्हणते, बाबा समोरच्या बाजूनं बोलणार आहेत, त्यांना आधी माहीत असायला हवं. मी म्हटलं, अगं, वैऱ्याच्या हातात कोणी आपली सुरी देतं का? तर म्हणते, ते वैरी नाहीत.

घे. दिली सुरी. काय करायचं ते कर.

अक्का

*

नल्लकुंटा
९ डिसेंबर २०२४

एकनाथा,

काय लिहू तुला? तू माझा धाकटा भाऊ नसतास, तर पाया पडले असते.

पाच तारखेला सकाळी हिम्मतराव दारात उभे. तुझ्याबरोबर भट्टीवर होते ते, मुलीकडे आलेत काचिगुड्याला. हातात थर्माकोलचा खोका, घामाघूम झालेले, आणि म्हणतात, एकनाथरावांनी सांगितलंय, ऑटोत मांडीवरच धरायचा. मी चहा टाकला आणि त्यांना बोलतं केलं.

त्यांच्याकडून कळलं ते असं. दिवाळीपासून तू ओहोटी बघून बांधाच्या टोकाला जातोयस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पहारेकरी जुने साहेब म्हणून सलाम ठोकतात आणि फाटक उघडतात. पहिले शिंपले तू फोडलेस, दुसरे मेले. मग गंगम्माकडे जाऊन उभा राहिलास, ते दगडावरून न फोडता कसे सोडवायचे ते शिकायला. ती तुझ्याशी बोलायला तयार नव्हती. तरी रोज जात राहिलास. घरात प्लास्टिकच्या बादल्या मांडल्यास, समुद्राचं पाणी आणून त्यांना उपाशी ठेवलंस. तू! ज्यानं आयुष्यात अंड्याला हात लावला नाही! कॉलनीत लोक म्हणायला लागले, निवृत्त झाल्यावर साहेबांचं डोकं सरकलं. मी म्हटलं हिम्मतरावांना, नाही हो, आत्ता कुठं जागेवर आलं.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. माझं दुसरं पत्र तुझ्या दारात पडायच्या आधीच हा खोका गाडीत चढला होता. म्हणजे तुला ते पत्र वाचायची गरजच नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी मजेनं लिहिलं, की दाजींनी शिंपले घंगाळात ठेवले, तेव्हाच तुला कळलं पुढे काय होणार ते. आयुष्य धातूंत गेलेला माणूस तू. चिंचेनं घासलेलं तांबं, खारं पाणी, रात्रभर. आम्ही तिघं शहाणे इथं नाचत होतो, आणि तू तिकडे एकटा तो आकडा येण्याआधीच ओळखून बसला होतास. सुनावणीच्या दिवशी एक वाक्य बोलला असतास, तर रेणूचं नाव कायमचं गेलं असतं. कंपनीनं तुला खांद्यावर घेतलं असतं. कोणाला कळलंही नसतं, की हे तुला घरच्याच पत्रातून समजलं. ते न करता तू पँट दुमडलीस.

खोक्याचं झाकण रेणूनं उघडलं. वर तुझ्या हातची चिठ्ठी चिकटवलेली. तिला मराठी अक्षर लावून लावून वाचावं लागतं, तुला माहीत आहे. तिनं मोठ्यानं वाचलं: प्लास्टिकमध्येच ठेवणे. तांबं, पितळ आणि दाजी, तिन्ही लांब ठेवणे.

दाजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. रेणूही हसली. मग चिठ्ठी हातात घेऊन व्हरांड्यात गेली आणि खूप रडली. मी जवळ गेले नाही, रडू दिलं. दोन वर्षांचं होतं ते.

शिंपले लॅबला पोचले. या वेळी टब ऑटोत मी धरला होता, मांडीवर. होय, मी. घरी येऊन आंघोळ केली, ते सांगायला नको.

अक्का

*

नल्लकुंटा
२८ डिसेंबर २०२४

एकनाथा,

तुझ्या शिंपल्यांचे आकडे आले. तांबं खाली आलं, जिथं असायला हवं तिथं बसलं. शिसं, जस्त, कॅडमियम मात्र हललं नाही, तसंच वर आहे. रेणू म्हणते, इतके चोख शिंपले तिनंसुद्धा कधी आणले नव्हते. एकही फुटलेला नाही. तिच्या लॅबमधले लोक विचारत होते, कोणी वेचले.

आणि तिथंच अडलंय सगळं. नीट ऐक.

अहवालात लिहावं लागतं, शिंपले कोणी वेचले आणि त्या माणसाचं अहवाल करणाऱ्याशी काही नातं आहे का. नाव नसेल, तर ते शिंपले नसल्यासारखेच. नाव दिलं, तर साऱ्या जगाला कळणार, की बांध घालणाऱ्यानंच बांधावरचं विष वेचून आणलं. ज्यांच्याबरोबर हयात गेली, ते लोक तुझ्या घरी चहाला येणार नाहीत. कंपनीच्या क्लबात खुर्ची राहणार नाही. आणि तू त्यांच्या बाजूनं बोलायचं कबूल केलंयस, ते वेगळंच.

रेणू तुला विचारायला तयार नाही. म्हणते, बाबांनी शिंपले दिले, तेवढं पुष्कळ झालं, नाव मागितलं तर तो हिशेब होईल. ती टोकाचा भाग गाळून जाईल म्हणते. समितीत तिची जी काही शोभा होईल ती होईल. गंगम्माला पलीकडच्या खाडीत वेचायला जागा आणि होडी मागायची होती, ते मात्र मग राहिलंच. बायांना एवढंच हवंय रे, कारखाना बंद करा असं कोणीच म्हणत नाहीये. तुझ्या भट्ट्या चालू देत.

म्हणून मी विचारतेय, थोरली बहीण म्हणून. हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हटलंस तरी मला तुझा राग येणार नाही, खरंच सांगते. चिखलात गुडघे बुडवून तू माझं सगळं देणं फेडलंयस. पाच तारखेला अहवाल जातो. त्याआधी कळव. पत्रानं कळवलंस तर पोचणार नाही, एवढं लक्षात ठेव.

अक्का

*

नल्लकुंटा
६ जानेवारी २०२५

एकनाथा,

काल सकाळपासून माझा फोन डायनिंग टेबलावर मध्यभागी, देवासारखा ठेवला होता. दाजी त्याला हात लावू देत नव्हते, चार्जिंग सोडून. रेणू अहवाल घेऊन बसली होती, दुपारपर्यंत पाठवायचा होता. टोकाचं पान वेगळं काढून ठेवलं होतं तिनं. मी भाजी निवडत होते आणि एकही पान धड निवडलं गेलं नाही.

अकरा वाजून गेले, बारा वाजले. रेणू म्हणाली, जाऊ दे आत्या, पाठवते मी. तिनं ते पान बाजूला सरकवलं, तेवढ्यात तुझा फोन आला. माझे हात मेथीनं माखलेले. मी म्हटलं, उचल गं. तिनं स्क्रीनवर तुझं नाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. दाजींनी डोळे वटारले, तेव्हा कुठं उचलला.

तू काय बोललास, ते तुला ठाऊक आहे. पण इकडे आम्हाला काय दिसलं, ते तुला कोण सांगणार? ती फोन कानाला लावून उभी. मग तिनं ते सरकवलेलं पान पुन्हा पुढं ओढलं आणि पेन शोधायला लागली. दाजींनी खिशातलं दिलं. तुझा आवाज टेबलापर्यंत येत होता, भट्टीवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज तो, हळू बोलणं तुला कधी जमलं नाही. तू सांगत होतास, नाव पूर्ण लिही, एकनाथ वामन धारूरकर. खाली हुद्दाही लिही, निवृत्त भट्टीप्रमुख. सुनावणीला मी येणार आहे, पण तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणार, कंपनीला तसं कालच कळवलंय.

ती लिहीत होती, हौ बाबा, हौ बाबा म्हणत. मग थांबली. पेन कागदावर टेकवलेलं तसंच. नात्याचा प्रश्न आला होता. दोन वर्षांपूर्वी तू तिला काय म्हणून गेला होतास, ते आम्हा तिघांनाही आठवत होतं. दाजी खिडकीकडे बघायला लागले. मी मेथी टाकून उठले.

तिनं अगदी हळू विचारलं, "बाबा, नातं काय लिहू?"

मग तुझा आवाज आला, आणि एकनाथा, या घरात तो पहिल्यांदाच हळू आला.

"बाप आहे, असं लिही."

अक्का